शिशाच्या शिपायांची बखर

दिवाळीचा किल्ला ज्यांनी लहानपणी केला आहे, त्यांना तो मोडण्याचा दिवसही आठवत असेल. दगडांवर चिखलात बुडवलेले पोते पसरायचे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, बुरूज, दरवाजे, पायथ्याचे गाव आणि विहीर रचायची, आणि मग मावळे कुठे उभे करायचे यावरून भांडायचे. चार-सहा दिवस त्या मातीवर मोहिमा चालत. शत्रू कोणत्या वाटेने चढला, कोणता बुरूज पडला, आदल्या वर्षीच हात तुटलेला कोणता मावळा शेवटपर्यंत लढला, हे सारे आम्हांला तोंडपाठ असे. पुढे किल्ला मोडला जाई, मावळे खोक्यात जात आणि मोहिमा विसरल्या जात. आज किल्ला आठवतो. त्यावर काय घडले, ते मात्र काहीही आठवत नाही.

हे आठवण्याचे कारण असे, की अशाच खेळाचा एक मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासातल्या माणसांनी आमच्यासारखी चूक केली नाही. युरोप-अमेरिकेत अनेक प्रौढ माणसे टेबलावर टेकड्या, नद्या, गावे मांडून शिशाच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या सैनिकांनी लढाया खेळतात. पलटण किती सरकली ते पट्टीने मोजायचे, गोळीबाराचा परिणाम फासे टाकून ठरवायचा, आणि संध्याकाळी सारे आवरून ठेवायचे. या युद्धखेळाचे एक वैशिष्ट्य बाहेरच्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटते. खेळणारे खेळून थांबत नाहीत, ते लिहितात. झालेल्या लढाईचे वृत्तान्त, मोहिमेच्या रोजनिश्या, कल्पित राज्यांचे इतिहास, नियमांवरचे वाद असे बरेच काही लिहितात. पुष्कळदा खेळायला लागलेल्या वेळापेक्षा लिहायला लागलेला वेळ अधिक असतो. आपल्याकडे या लेखनाला एक नेमका शब्द आहे: बखर. खोट्या लढायांच्या या खऱ्या बखरी लिहून लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा या लेखाचा विषय.

आरंभ एका कादंबरीतल्या पात्रापासून करणे सोयीचे होईल. लॉरेन्स स्टर्नची 'ट्रिस्ट्रम शँडी' 1759 ते 1767 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. तीत टोबीकाका नावाचे एक निवृत्त कॅप्टन आहेत. 1695 साली नामूरच्या वेढ्यात त्यांना जांघेत जखम झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण ती कशी झाली, असे विचारतो; आणि खंदक, तट, दमदमे यांच्या गुंत्यात टोबीकाकांना ते नीट सांगता येत नाही. सांगता न येण्याचा त्रास जखमेच्या त्रासाहून वाढत जातो. म्हणून ते नामूरचा नकाशा मागवतात. नकाशावरून पुस्तके येतात, आणि शेवटी गावी जाऊन आपल्या सेवकाच्या, कॉर्पोरल ट्रिमच्या, मदतीने ते हिरवळीवर चक्क तटबंद्या उभारतात. मार्लबरोच्या फौजांनी युरोपात कोणते शहर वेढले याची बातमी वृत्तपत्रात आली, की त्याबरहुकूम इकडे मोर्चे बांधले जातात. 1713 साली युट्रेक्टचा तह होतो, तेव्हा टोबीकाकांना खरे दुःख होते. स्टर्नने हे सर्व विनोदाने लिहिले आहे. परंतु त्याने या छंदाचे मूळ अचूक ओळखले होते असे आम्हांला वाटते. आपल्यावर जे गुजरले ते सांगता यावे, या गरजेतून ती हिरवळीवरची लढाई जन्मली.

याच गरजेचे दुसरे, प्रत्यक्षातले उदाहरण यॉर्कशरमधल्या हॉवर्थ या गावी सापडते. 1826 च्या जूनमध्ये तेथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्रॉन्टी यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. मुलगा ब्रॅनवेल तेव्हा नऊ वर्षांचा होत आला होता. सकाळी त्याने ते बहिणींना दाखवताच प्रत्येकीने एकेक उचलला. दहा वर्षांच्या शार्लटने आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन हे नाव दिले. ब्रॅनवेलने नेपोलियन निवडला. शार्लटने हा प्रसंग 1829 साली स्वतःच लिहून ठेवला आहे, म्हणूनच तो आपल्याला माहीत आहे.

बारा शिपायांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक राज्य वसवले, त्याला 'ग्लास टाउन' हे नाव मिळाले, त्याच्या राजकारणाला व लढायांना अंत राहिला नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे, की मुलांनी त्या राज्याचे वाङ्मय निर्माण केले. 1829 पासून ती काडेपेटीएवढ्या वह्या शिवून त्यांत छापील वाटेल अशा बारीक अक्षरांत मासिके लिहू लागली. शिपायांच्या हातात शोभेल असाच त्या मासिकांचा आकार आहे. पुढे ब्रॅनवेलने त्या शिपायांचा सविस्तर इतिहासही लिहिला. शिपाई मोडले, हरवले, वह्या राहिल्या. 2019 साली पॅरिसच्या लिलावात त्यांतील एक वही सहा लाख युरोंची बोली लावून हॉवर्थच्या ब्रॉन्टी संग्रहालयाने मिळवली.

या खेळातल्या एका नियमाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. चारही भावंडे त्या राज्यात 'जिनी' होती, आणि लढाईत मेलेल्या शिपायांना पुन्हा जिवंत करण्याची शक्ती जिनींकडे होती. या मुलांची आई 1821 साली वारली होती. मारिया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या बहिणी 1825 साली, म्हणजे शिपाई घरात येण्याच्या केवळ एक वर्ष आधी, क्षयाने गेल्या होत्या. या दोन गोष्टींचा संबंध जोडून दाखवण्याचा अट्टहास आम्ही करत नाही. त्या शेजारी शेजारी ठेवणे पुरेसे आहे. एवढे मात्र म्हणता येईल, की जो शिपाई नुसताच खेळात मरतो त्याला पुढच्या डावात कोणीही उभा करतो. जो लिहिला गेला आहे, त्याचे मरणे आणि परत येणे या दोन्हींना अर्थ येतो. शार्लट ब्रॉन्टीची 'जेन एअर' 1847 साली आली. तिची लेखनाची उमेदवारी या वह्यांत झाली होती.

मुले हे करत होती त्याच सुमारास प्रशियात याच खेळाला लष्करी शिस्त लागत होती. बॅरन फॉन राइसविट्झ यांनी 1812 साली राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक युद्धखेळ सादर केला. त्यात बुद्धिबळासारखा चौकटींचा पट नव्हता. टेबलावर भूप्रदेशाचे सुटे तुकडे जुळवून हवे ते रणांगण मांडता येई. त्यांच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, 1824 साली त्याची सुधारलेली नियमावली प्रसिद्ध केली. 1:8000 प्रमाणाचे नकाशे, पलटणींसाठी धातूचे ठोकळे, दोन मिनिटांची एक फेरी आणि निकालासाठी फासे अशी ती योजना होती. सरसेनापतींच्या कचेरीचे प्रमुख फॉन म्युफ्लिंग यांना ती इतकी पटली, की त्यांनी सैन्यात तिची शिफारस केली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंच. दोन्ही बाजूंचे खेळाडू पंचाला लेखी हुकूम देत. शत्रू कुठे आहे हे पंच त्यांना तेवढेच सांगे, जेवढे खऱ्या सेनापतीला कळले असते. म्हणजे येथे लेखन खेळानंतर येत नाही. लेखन हीच खेळातली चाल आहे. हुकूम संदिग्ध असेल तर पलटण चुकीच्या गावी जाते, आणि दोष लिहिणाऱ्याचा ठरतो. डाव संपल्यावर पंच सर्वांसमोर चर्चा करी: कोणता हुकूम केव्हा दिला, तेव्हा काय ठाऊक होते, काय ठाऊक असायला हवे होते. कागद समोर असल्यामुळे 'मला आधीच वाटले होते' असे म्हणण्याची सोय राहत नसे. लिहिण्याचा पहिला लाभ हा. माणसाची स्मृती पराभवानंतर स्वतःच्या बाजूने साक्ष देऊ लागते. वही तशी देत नाही.

हीच शिस्त आजारपण आणि विनोद यांच्यात मिसळली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या दावोस या गावी जावे लागते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन फुप्फुसाच्या विकारावर हवापालटासाठी 1880-81 आणि 1881-82 चे हिवाळे तेथे राहिला. सोबत पत्नी आणि तिचा मुलगा लॉइड ऑस्बर्न. लॉइडचा जन्म 1868 चा, म्हणजे तो बारा-तेरा वर्षांचा. 1881 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये याच मुलाच्या संगतीत रंगवलेल्या एका बेटाच्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' सुरू झाली होती आणि ती दावोसला पूर्ण झाली. आता पोटमाळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी दुसरा नकाशा उमटला. त्यात डोंगर, नद्या, पूल, गावे, चांगले आणि वाईट रस्ते होते. शिशाच्या शिपायांच्या दोन फौजा त्यावर दिवसेंदिवस एकमेकींचा माग काढत राहिल्या. एकतीस वर्षांचा लेखक आणि तेरा वर्षांचा मुलगा जमिनीवर रांगत लढत होते.

स्टीव्हन्सनने या युद्धासाठी वृत्तपत्रे काढली. 'ग्लेन्डारूल टाइम्स' आणि 'यालोबॅली रेकॉर्ड' अशी त्यांची नावे. त्यांत आघाडीवरच्या बातम्या, अफवा आणि सेनापतींवरची बोचरी टीका असे, आणि त्या सेनापतींत स्वतः जनरल स्टीव्हन्सनही असे. स्वतःच्या चुकांवर स्वतःच निनावी वार्ताहर होऊन तुटून पडणे ही सोय या खेळाशिवाय दुसरीकडे कुठे मिळणार? ही बातमीपत्रे एका वहीत राहिली. स्टीव्हन्सन 1894 साली सामोआ बेटावर वारला. 1898 च्या डिसेंबरात ती बातमीपत्रे लॉइडच्या प्रस्तावनेसह 'स्क्रिब्नर्स मॅगझिन'मध्ये छापली गेली. मोठा झालेला मुलगा सावत्र वडिलांबरोबर खेळलेल्या खेळाची वही जगासमोर ठेवतो, तेव्हा त्या वहीत एका लढाईचा निकाल नसतो. आजारी माणसाचा एक सुखाचा हिवाळा तीत असतो. खडूचा नकाशा कधीच पुसला गेला होता.

तोवर शिपाई स्वस्त झाले होते. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने 1893 साली आतून पोकळ शिपाई ओतण्याची रीत काढली. शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली आणि भरीव जर्मन शिपायांची सद्दी संपत आली. याच शिपायांनी आणि लाकडी गोळी झाडणाऱ्या खेळण्यातल्या तोफांनी एच. जी. वेल्स आपल्या घरी खेळत असे. 1913 साली त्याने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले आणि आधुनिक छंदाला त्याची पहिली लोकप्रिय नियमावली मिळाली. पुस्तकाच्या लांबलचक उपशीर्षकात हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी, आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या विशेष बुद्धिमान मुलींसाठी असल्याची ग्वाही आहे. शार्लट ब्रॉन्टीला हे वाचून काय वाटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

नियम सांगून झाल्यावर वेल्स एका नमुन्याच्या लढाईचा वृत्तान्त छायाचित्रांसह देतो. ती 'हुक्स फार्म'ची लढाई. तेथे पोचताच तो जाहीर करतो, की आता लेखक पालटत आहे. शाईने माखलेल्या बोटांच्या, वाकलेल्या पाठीच्या त्या लेखकाच्या मिशा वाढू लागतात, डोळ्यावर तलवारीचा वण उमटतो, आणि एक बढाईखोर वृद्ध जनरल आपल्या आठवणी सांगू लागतो. युद्धाच्या आठवणी लिहिणाऱ्या तमाम सेनापतींची ही टिंगल आहे; पण तिचे पहिले लक्ष्य लेखकाच्या अंगातला सेनापती आहे. आपल्यातही तो दडलेला आहे, हे वेल्सला लिहिताना दिसले. नुसते खेळताना ते दिसले असते काय, याची आम्हांला शंका आहे.

पुस्तकाच्या अखेरीस वेल्स गंभीर होतो. हा छोटा खेळ दोन-चार वेळा खेळून पाहिला, की खरे महायुद्ध किती गोंधळाचे व किती अवाढव्य मूर्खपणाचे असेल हे कळते. खेळण्यातल्या लढाईत अधिकारी माणसे गडबडतात, तर खऱ्या लढाईत त्यांच्या हाती काय राहणार, असा त्याचा युक्तिवाद आहे. हे 1913 साली लिहिले. 1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले, आणि हाच वेल्स या युद्धाने युद्धाचा अंत होईल असे हिरिरीने सांगणारे लेख लिहू लागला. ते त्याच वर्षी पुस्तकरूपाने आलेही. म्हणजे छोट्या युद्धाने शिकवलेला धडा पहिल्याच मोठ्या युद्धात उडाला. या छंदाचा गौरव करणाऱ्यांनी ही गोष्ट झाकून ठेवू नये. वहीमुळे माणूस शहाणा होतोच असे नाही. मात्र त्याने काय म्हटले होते ते वही विसरू देत नाही. 'लिटल वॉर्स'चे शेवटचे प्रकरण वेल्सच्याच विरुद्ध साक्ष देण्यासाठी आजही उभे आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही हा खेळ मेला नाही. पण खेळणारे विखुरलेले होते. पुष्कळांना आपल्या गावात दुसरा खेळाडूही ठाऊक नव्हता, आणि मोठ्या माणसाने शिपाई खेळणे हे चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. कॅलिफोर्नियात शिपाई ओतणाऱ्या जॅक स्क्रूबी यांनी 1957 साली 'वॉर गेम डायजेस्ट' हे छोटे नियतकालिक सुरू केले, आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे हे एकाकी लोक पहिल्यांदा एकमेकांना सापडले. इंग्लंडमधून त्याला डोनाल्ड फेदरस्टोन आणि टोनी बाथ यांची साथ मिळाली. फेदरस्टोन दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होते; पुढे साउदॅम्प्टनच्या फुटबॉल संघाचे भौतिकोपचारतज्ज्ञ झाले. 1962 साली त्यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःचे मासिक बातमीपत्र काढले. ते 1980 पर्यंत चालले. खरे युद्ध पाहिलेला माणूस अठरा वर्षे खोट्या युद्धांची पत्रे जुळवत राहिला, याचा अर्थ काय? आमच्या मते, लिहिण्याचा दुसरा लाभ येथे आहे. खेळायला समोर एक माणूस लागतो. लिहिलेले वाचायला तो समोर असावा लागत नाही. ज्याच्या घरी टेबलाच्या पलीकडे कोणी नव्हते, त्याच्यासाठी टपालाने पलीकडची बाजू उघडली.

टोनी बाथ यांनी जे केले ते याहूनही पुढचे होते. रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्या कथांतल्या हायबोरिया या प्राचीन कल्पित भूखंडावर त्यांनी वर्षानुवर्षे चालणारी एक मोहीम आखली. एका लढाईत गेलेले सैन्य पुढच्या लढाईत परत येत नसे, खजिना रिकामा होई, रसद तुटे. प्रत्येक राजाचा आणि सेनापतीचा स्वभाव पत्ते काढून ठरवला जाई. कोणी निष्ठावान निघे, कोणी आळशी, कोणी फितूर. त्यांची लग्ने, मुले, वैरे या सर्वांची नोंद होई. ही रीत त्यांनी 1973 साली पुस्तक लिहून समजावून दिली. एरवी टेबलावरची लढाई सुटी असते. शेवटच्या फेरीत सेनापती आपली सगळी फौज बेदिक्कत झोकून देतो, कारण उद्या नाही. वही आली की उद्या येतो, आणि उद्या आला की माणूस माघार घ्यायला शिकतो. शिपायाला नाव आणि भूतकाळ मिळाला, की त्याला वाया घालवणे जड जाते. अमेरिकेत डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स हे याच युद्धखेळांच्या वर्तुळातले. त्यांच्या हाती अवघी पलटण आकसून एकेका पात्राची झाली आणि 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यात गोष्ट सांगणे हाच खेळ झाला.

आता शार्लटच्या लाकडी वेलिंग्टनकडे परत येऊ. तो वेलिंग्टन मराठी वाचकाला परका नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी लढणारा आर्थर वेलस्ली तो हाच. असईची लढाई युद्धखेळाच्या टेबलांवर आवडीने मांडली जाते, आणि तसे होण्याचे कारण उघड आहे. केळणा आणि जुई या नद्यांचा संगम, त्यांच्यामधला जमिनीचा निमुळता पट्टा आणि एक उतार, एवढ्यावर सारे नाट्य उभे आहे. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे आहेत, तेव्हा मधे उतार असणारच, असे अनुमान करून वेलस्लीने नदी ओलांडली. त्याच्याकडे साडेनऊ हजारांच्या आसपास फौज होती. समोर तिच्या कितीतरी पट सैन्य आणि शंभराच्या घरात तोफा.

ही लढाई खेळणाऱ्याला कोणी तरी शिंद्यांची बाजू घ्यावी लागते. ती घेऊन वृत्तान्त लिहायला बसले, की काही गोष्टी उलट्या दिसू लागतात. शिंद्यांच्या पायदळाची सूत्रे पोलमन या हनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होती. इंग्रज बाजूने येत आहेत हे दिसताच त्याने आपली सगळी रांग काटकोनात फिरवली, आणि ही कवाईत इतकी सफाईने झाली की वेलस्ली चकित झाला. तोफा हातच्या गेल्यावर मेल्याचे सोंग करून पडलेल्या गोलंदाजांनी पुन्हा उठून त्याच तोफा इंग्रजांच्या पाठीवर वळवल्या. इंग्रजांचे पंधराशेंहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. ज्या लढाईचा निकाल आपण शाळेत एका ओळीत पाठ केला, ती लढाई निकाल लागेपर्यंत निकाली निघालेली नव्हती. उतारावर पहारा असता तर? हा प्रश्न पुस्तक वाचताना मनात येतो आणि जातो. टेबलावर तो खेळून पाहता येतो, आणि लिहिताना त्याचे उत्तर द्यावे लागते.

आणि येथेच एक अवघड गोष्ट समोर येते. वेलस्लीचे खलिते पुढे खंडच्या खंड छापले गेले. त्याच्या स्वारीबरोबर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची पत्रे आहेत. तोफांपाशी दोनदा लढलेल्या त्या गोलंदाजांची नावे मात्र आपल्याजवळ नाहीत. त्यांचा पराक्रम आपल्याला कळतो, तोही शत्रूच्या लेखणीतून. इतिहासाच्या टेबलावर दोन्ही बाजूंनी वह्या ठेवलेल्या नसतात. मराठी परंपरेने पराभवाची बखर लिहिण्याचा कमीपणा मानला नव्हता. पानिपतावरची 'भाऊसाहेबांची बखर' ही हरलेल्यांचीच बखर आहे. युद्धखेळाच्या वहीची उत्तम रीत तीच आहे. तीत हरणाऱ्याचा वृत्तान्त जिंकणाऱ्याच्या वृत्तान्ताइतकाच लांब असतो, किंबहुना अधिक वाचनीय असतो, कारण जिंकणारा नशिबाला बुद्धी म्हणतो आणि हरणाऱ्याला आपली चूक शोधावी लागते.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो आम्हांला खोडून काढायचा नाही. शिशाच्या शिपायाला वेदना नसते. या वह्यांतून पलटण 'काढून घेतली' असे शब्द येतात. असईच्या मैदानातून कोणाला कोणी काढून घेतले नव्हते. दोनशे वर्षांपूर्वीच्या खऱ्या मरणांवर रविवारची दुपार घालवणे योग्य आहे काय? आमचे उत्तर इतकेच, की न लिहिता खेळणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. लिहिणाऱ्याला 'काढून घेतली' हा शब्द लिहिताना तो पडू शकतो. वेल्सला तो पडला आणि तो त्याचे उत्तर विसरला. पण प्रश्न कागदावर राहिला.

हॉवर्थ, बर्लिन, दावोस, लंडन, साउदॅम्प्टन या साऱ्यांच्या वह्यांचा हिशेब मांडला, तर हाती येते ते असे. वहीने पैसा दिला नाही, आणि कीर्ती दिली ती बहुधा उशिरा व दुसऱ्याच कारणाने. तिने आपल्या चुका आपल्याला दाखवल्या. दूरचा सोबती मिळवून दिला. निर्जीव शिपायाला उद्याचा दिवस दिला. आणि ज्यांच्याबरोबर खेळलो ती माणसे गेल्यावरही तो खेळ कोणाच्या तरी हाती राहील अशी व्यवस्था केली. यांतला शेवटचा लाभ लिहिणाऱ्याला मिळत नाही. तो लॉइड ऑस्बर्नसारख्या मागे राहिलेल्यांना मिळतो.

आमच्या माळ्यावरच्या खोक्यात काही मावळे अजून आहेत. एकाचा हात तुटलेला आहे, आणि तो कोणत्या लढाईत तुटला हे आता कोणालाच सांगता येत नाही. यंदाच्या दिवाळीत घरातली मुले किल्ला करतील, तेव्हा त्या खोक्याबरोबर एक कोरी वही द्यावी असा आमचा विचार आहे.